छोट्या बोटीमागे कोण उभं असतं

(बेलापूरला झालेल्या व्याख्यानाचं लेखी रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी नौदलात नव्हतो. माझं आयुष्य डिझेल इंजिनात गेलं. दिवाळे, करावे, सारसोळे, इकडच्या होड्यांची इंजिनं खोलायची, साफ करायची, परत बसवायची, हेच काम केलं. त्यामुळे आजचा विषय मी इंजिनापासूनच सुरू करणार, मला तिथूनच कळतो तो.

आपल्या खाडीतल्या होडीला दोन सिलिंडर, चार सिलिंडर, मोठ्या ट्रॉलरला सहा, एवढ्यात भागतं. १९७१ मध्ये आपल्या नौदलाकडे रशियन बनावटीच्या ज्या मिसाइल बोटी होत्या, ओसा क्लासच्या, त्यांच्या एका इंजिनात ४२ सिलिंडर होते. बेचाळीस! सात सात सिलिंडर गोल मांडलेले आणि अशा सहा रांगा एकामागे एक, आणि अशी तीन इंजिनं एका बोटीत, प्रत्येकाची ताकद ४००० हॉर्सपॉवर. बोट केवढी, तर साधारण ३८-३९ मीटर लांब आणि वजन २०० टनांच्या आसपास. मी पहिल्यांदा त्या इंजिनाचं चित्र बघितलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला की याला डिझेल किती लागत असेल आणि ते ठेवायचं कुठे.

तो प्रश्नच आजचा विषय आहे. कारण होडी हळू चालते तोवर ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकलेली असते, तिला आणखी जोरात न्यायचं तर ताकद दुप्पट लावून भागत नाही, कितीतरी पट जास्त लावावी लागते, मग कुठे नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर येते आणि बोट पाणी कापायच्या ऐवजी पाण्यावरून घसरायला लागते. हे करायचं तर बोट हलकी पाहिजे, म्हणजे टाकी लहान, म्हणजे लांब जाता येत नाही, समुद्र खवळला की आतली माणसं आणि यंत्रं दोन्ही हादरतात, आणि रडार एवढ्या कमी उंचीवर असतं की क्षितिजापलीकडचं दिसत नाही. वेग मिळाला पण बाकी सगळं गेलं. मग अशी बोट लढाई जिंकते कशी? माझं उत्तर असंय की ती एकटी जिंकतच नाही. तिच्यामागे कोणीतरी उभं असतं. इतिहासात ते नाव बरेचदा येत नाही, आणि मला आज त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

आता आपल्या घरचीच गोष्ट घ्या. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मग तिथेच जहाजं बांधायला सुरुवात झाली. कल्याणच्या दुर्गाडीवर उभं राहून खाली बघितलं तर कळतं की जागा किती विचार करून निवडली होती, मागे लाकडाचं जंगल आणि पुढे उल्हासचं पाणी. पण समुद्राच्या तोंडाशी वसईला पोर्तुगीज बसलेले, त्यांच्या नाकासमोरून बाहेर पडायचं. म्हणजे मराठी आरमाराला पहिल्या दिवसापासून उथळ पाणी, खाड्या, भरती-ओहोटी यांचं गणित घेऊनच जगायचं होतं. गलबत म्हणजे काय, तर शीडही आहे आणि चाळीस-पन्नास वल्ही पण आहेत, वजनाला हलकं, फार तर सत्तर टनांपर्यंत. गुराब त्याच्यापेक्षा मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळेवर तोफा.

१६७९ ला महाराजांच्या माणसांनी खांदेरी बेट ताब्यात घेऊन तिथे तटबंदी बांधायला घेतली. मुंबईच्या इंग्रजांना ते बेट म्हणजे डोळ्यात कुसळ, कारण मुंबईच्या तोंडावरच आहे ते. त्यांनी जहाजं पाठवली, वेढा घातला. आणि तरीही थळच्या किनाऱ्यावरून रात्री छोट्या होड्या दगड, चुना, धान्य, माणसं घेऊन बेटावर पोचतच राहिल्या. इंग्रजांची जहाजं शिडावर अवलंबून, वारा पडला की जागच्या जागी, आणि पाणी उथळ झालं की जवळ येता येत नाही. आपली माणसं वल्ह्यावर. ऑक्टोबरात समोरासमोर लढाई झाली तेव्हा मराठ्यांच्या पन्नास-साठ लहान होड्या अंगावर गेल्या, इंग्रजांचं डव्ह नावाचं जहाज आपल्या हाती लागलं. मात्र रिव्हेंज हे मोठं जहाज टिकून राहिलं आणि त्याने आपल्या होड्यांचं नुकसानही केलं, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर ती गोष्ट अर्धी राहते. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रज मागे हटले, बेट राहिलं महाराजांकडे. लढाई होड्यांनी लढली खरी पण त्यांना जिवंत ठेवलं थळच्या किनाऱ्याने. किनाऱ्यावर माल चढवणारी माणसं नसती तर वल्ही मारून उपयोग काय होता?

कान्होजी आंग्रे यांच्या काळात हीच पद्धत आणखी पक्की झाली. वारा नाही असा वेळ बघायचा, गलबतांनी गुराबेला दोर बांधून ओढत शत्रूच्या पिछाडीला न्यायचं, कारण मोठ्या जहाजाच्या तोफा बाजूला असतात, मागे जवळजवळ काही नसतं. तिथून शिडं आणि दोरखंड फोडायचे, जहाज लुळं झालं की गलबतं चारी बाजूंनी चिकटणार आणि माणसं तलवारी घेऊन वर चढणार. बघा, लहान बोटी मोठीला ओढतायत, हे लक्षात ठेवा, पुढे उलटं होणार आहे.

मधली दोनशे वर्षं मी पटकन पार करतो. टॉर्पेडो आला आणि लहान बोटीला पहिल्यांदा असं हत्यार मिळालं ज्याने भलंमोठं जहाज बुडू शकतं. १० जून १९१८ ला एड्रियाटिक समुद्रात लुइजी रिझ्झो या इटालियन अधिकाऱ्याच्या एमएएस १५ या छोट्या मोटरबोटीने ऑस्ट्रिया-हंगेरीची वीस हजार टनांची सेंट इश्तवान ही युद्धनौका बुडवली. ती बोट तिथपर्यंत टॉर्पेडो बोटीने ओढत नेली होती, मोठी लहानीला. उलटं झालं ते हे.

मग २१ ऑक्टोबर १९६७. इजिप्तच्या कोमार क्लासच्या बोटींनी पोर्ट सैदच्या बंदरातून बाहेर न पडता स्टिक्स मिसाइल सोडली आणि बाहेर गस्त घालणारी एलात ही इस्रायली विनाशिका बुडाली, ४७ माणसं गेली. बोटींनी डाव टाकला आणि तोही घराच्या दारातून. जगभरातल्या नौदलांची झोप त्या दिवशी उडाली.

आपल्याकडे त्या ओसा बोटी आल्या १९७१ च्या सुरुवातीला. आठ बोटी. आणि बघा अडचण कशी सुरू होते, मुंबईच्या बंदरात एवढं वजन जहाजावरून उतरवणारी क्रेन नव्हती, म्हणून त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि तिथून अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून ओढत मुंबईला आणल्या. मला वाटतं की पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा कराचीवर हल्ला करायची कल्पना जी सुचली त्याचं बीज या ओढण्यातच असावं, कारण बोट ओढता येते आणि पोचल्यावर चालूस्थितीत असते हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मुळात या बोटी दिल्या होत्या बंदराच्या रक्षणासाठी. मुंबई-कराची साधारण ५०० सागरी मैल, जाऊन येऊन हजार, त्यात पूर्ण वेगाने हल्ला आणि पूर्ण वेगाने माघार, टाकीचं गणित बसतच नाही. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांचं लहानपण कराचीत गेलेलं, ते बंदर त्यांच्या पायाखालचं होतं. ओढत न्यायचा सराव झाला, तेलाचा बंदोबस्त झाला.

४ डिसेंबरच्या रात्री गेल्या त्या तीन बोटी, निपात, निर्घात आणि वीर. कमांडर बब्रूभान यादव त्यांचं नेतृत्व करत होते. ही नावं आपल्याला पाठ असतात. पण त्यांच्याबरोबर किल्तान आणि कच्छल होत्या, आणि पोषक नावाचं तेलाचं जहाज होतं. किल्तान आणि कच्छल कुठल्या वर्गाच्या? अर्नाळा क्लासच्या! विरारच्या समोरचं आपलं अर्नाळा बेट, त्याचं नाव त्या वर्गाला. या मोठ्या जहाजांची रडार जास्त लांबचं बघायची, पाणबुडी आलीच तर तिच्याशी लढायची तयारी त्यांच्याकडे. दिवसभर सगळे पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर थांबले, कारण रात्री समुद्रावर हल्ला करायची ताकद त्या विमानांकडे फारशी नव्हती, आणि अंधार पडल्यावर उत्तरेकडे निघाले. असं सांगतात की बोटींवरचे लोक वायरलेसवर रशियन भाषेत बोलत होते, प्रशिक्षण रशियात झालेलं, शत्रू ऐकत असेल तर गोंधळेल म्हणून.

निर्घातने खैबर या पाकिस्तानी विनाशिकेवर दोन मिसाइल सोडली. पहिलं लागल्यावर खैबरने जो संदेश पाठवला त्यात विमानाने हल्ला केला असं होतं. त्यांना आकाशात येणारा उजेड दिसला, तो बोटीवरून आलाय हे कळलंच नाही. दुसरं लागलं आणि जहाज गेलं, दोनशेच्यावर माणसं गेली. ती पण कोणाची तरी मुलं होती, मी हे वाक्य प्रत्येक ठिकाणी बोलतो. वीरने मुहाफिज ही सुरुंग काढणारी नौका बुडवली, निपातने दारूगोळा आणणारं व्हीनस चॅलेंजर बुडवलं आणि कराची बंदरातल्या केमाडीच्या तेलसाठ्याकडे मिसाइल सोडलं. आपलं एकही माणूस गेलं नाही. ८ तारखेच्या रात्री परत एकदा, या वेळी एकटी विनाश, सोबत त्रिशूल आणि तलवार या फ्रिगेट, समुद्र खवळलेला, चार मिसाइल, आणि केमाडीच्या टाक्या पेटल्या. म्हणून ४ डिसेंबर आपला नौदल दिन.

पण लगेच ९ डिसेंबरला दीवसमोर आपली खुकरी ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली, कॅप्टन मुल्लांसह आपले १९४ जण गेले. लहान बोटींच्या विजयाची गोष्ट सांगताना मी हे सोडत नाही. समुद्राच्या वर जिंकलो म्हणून खालचा धोका संपत नाही, आणि ती मिसाइल बोट पाणबुडीसमोर पूर्ण आंधळी असते.

१९७३ मध्ये तर बोट विरुद्ध बोट झालं. सीरियाच्या लताकिया बंदराजवळ ६-७ ऑक्टोबरच्या रात्री इस्रायली बोटी आणि सीरियन बोटी समोरासमोर. सीरियाच्या स्टिक्सचा पल्ला चाळीसेक किलोमीटर, इस्रायलच्या गॅब्रियल मिसाइलचा वीसच्या आसपास. कागदावर सीरिया जिंकायला हवं होतं. पण इस्रायलने एलातचा धडा घेतला होता, आकाशात धातूचे बारीक तुकडे उडवून आणि रेडिओ लहरींचा गोंधळ करून ती मिसाइल भलतीकडे वळवली, मग जवळ जाऊन मारलं. सीरियाच्या पाच नौका गेल्या, इस्रायलची एकही नाही. इथे बोटीमागे कोण होतं? प्रयोगशाळेत बसलेली माणसं.

आणि मागे कोणीच नसलं तर? १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतच्या बुबियान बेटाजवळ इराकच्या लहान नौका पळून जायला निघाल्या, वर ब्रिटिश लिंक्स हेलिकॉप्टर आणि त्यांच्यावर सी स्कुआ मिसाइल. वेग कितीही असला तरी हेलिकॉप्टर तीनपट वेगाने येतं आणि उंचावरून लांबचं बघतं. इराकचं स्वतःचं विमान आकाशात नव्हतं, त्यामुळे त्या बोटींचं काहीही चाललं नाही.

आता आजची गोष्ट. १ फेब्रुवारी २०२४ ला क्रिमियात युक्रेनच्या मानवरहित बोटींनी, मागुरा म्हणतात त्यांना, साडेपाच मीटरच्या, आपल्या खाडीतल्या होडीएवढ्या, इव्हानोव्हेत्स ही रशियन मिसाइल नौका बुडवली. ती टॅरॅंटुल वर्गाची, म्हणजे आपल्या नंतरच्या वीर क्लासची सख्खी बहीण. ज्या जातीच्या बोटीने एके काळी मोठ्या जहाजांना घाबरवलं तिलाच तिच्याहून लहान बोटीने गाठलं. त्या बोटीत माणूस नाही, पण लांब कुठेतरी बसलेला माणूस उपग्रहातून सुकाणू धरून आहे. तो नसला, ते कनेक्शन तुटलं, की पाण्यावर तरंगणारा दारूगोळाच फक्त.

शेवटचं बोलतो आणि थांबतो. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत जे झालं ते कुठल्या युद्धनौकेने झालं नाही. कुबेर नावाचा मच्छीमारांचा ट्रॉलर पळवला, त्याच्यावरच्या खलाशांना मारलं, आणि रबराची होडी घेऊन कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. उतरताना त्यांना कोण तुम्ही, कुठून आलात, असं पहिल्यांदा विचारलं ते तिथल्या कोळ्यांनी. नंतर २००९ मध्ये नौदलाने सागर प्रहरी बल उभं केलं, ८० वेगवान इंटरसेप्टर बोटी, ठिकठिकाणी रडार, मच्छीमारांना ओळखपत्रं. हे सगळं पाहिजेच. पण इंटरसेप्टर बोट पण तसलीच, मोठं इंजिन, लहान टाकी, लांबचं न दिसणारी. तिला आज कुठे जायचं हे कोणीतरी सांगावं लागतं.

आणि ते सांगू शकणारी माणसं इथे या हॉलच्या मागच्या रांगेत बसलीयेत. दिवाळ्याचे काका आहेत, माझ्याकडे इंजिन घेऊन यायचे, रात्री अंधारात नुसत्या आवाजावरून सांगायचे ही अमक्याची होडी, हिचा एक सिलिंडर मिसिंग करतोय. अनोळखी इंजिनाचा आवाज खाडीत आला तर त्यांना लगेच कळतं. पण आता खाडीत गाळ भरतोय, कांदळवनात भराव पडतोय, मासे कमी झाले, मुलं कॉल सेंटरला जातात, आणि मला विचाराल तर किनाऱ्याच्या सुरक्षेची चर्चा करताना हा आकडा कधीच कोणी मांडत नाही की पंधरा वर्षांत रात्री खाडीत उतरणारे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, किती उरले. थळच्या लोकांशिवाय खांदेरी टिकली नसती. काका, तुम्ही इकडे पुढे या, माईक घ्या, लोकांना जरा सांगा आवाजावरून होडी कशी ओळखतात ते.