बाई, पैसे राहिलेत का?

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकच्या एका शाळेत मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. आज शाळेबद्दल बोलायला आलेले नाही. गेल्या वर्षी कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी एका मोठ्या दुकानाच्या दारात मला चोर म्हणून अडवलं, ते सांगायला आले आहे. दुकानाचं नाव घेणार नाही. त्या दुकानाशी मला भांडण उकरून काढायचं नाही. पण त्या दारात उद्या तुमची आई असू शकते, सासरे असू शकतात, हे मला पक्कं ठाऊक झालंय, म्हणून बोलते.

दुसऱ्या दिवशीच्या दुधाचं सामान आणायचं होतं. चारोळी, पिस्ते, बदाम घेऊन झाले. मग केशराची एक ग्रॅमची डबी उचलली. किंमत दिसेना, म्हणून पर्समधून चष्मा काढला. ४२० रुपये. घ्यावं की नको असा विचार चाललाय, तेवढ्यात फोन वाजला. ह्यांचं रक्त सकाळी तपासायला दिलं होतं, त्या लॅबमधून होता. क्रिएटिनिन वाढलंय, उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवा, असं तिकडची मुलगी म्हणाली. मूत्रपिंड नीट चालतंय का, ते हा आकडा सांगतो. मी आकडा पुन्हा विचारला, तिने पुन्हा सांगितला. बोलता बोलता चष्मा काढून पर्समध्ये टाकला. ज्या हातात चष्मा होता त्याच हातात डबी होती.

पुढचं मला तेव्हा काहीच आठवत नव्हतं. रांगेत उभी राहिले, बाकीच्या सामानाचे १,१४० रुपये दिले, बिल घेतलं आणि दाराकडे निघाले. दारात भोंगा वाजला.

त्या भोंग्याबद्दल नंतर मी समजून घेतलं. महाग वस्तूंना जो जाडसर चौकोनी टॅग चिकटवतात, त्याच्या आत धातूच्या पातळ पट्ट्या असतात. दाराच्या दोन्ही बाजूंचे खांब ५८ किलोहर्ट्झचे स्पंद सोडत असतात. त्या स्पंदाला पट्टी थरथरून उत्तर देते आणि ते उत्तर खांबाला ऐकू येतं. बिल करताना काउंटरवरच्या पॅडवरून वस्तू नेली की पट्टी निकामी होते. म्हणजे खांबाला एवढंच कळतं की इथून एक जिवंत पट्टी चालली आहे. गिऱ्हाईक विसरलं, की काउंटरवरच्या मुलाने पॅडवर नीट फिरवलं नाही, की कुणी मुद्दाम लपवलं, हे त्याला कळत नाही. ते माणसाने विचारायचं असतं.

मला कुणी विचारलं नाही. दारावरची मुलगी म्हणाली, "पर्स दाखवा." मी निःशंक मनाने पर्स उघडली. चष्म्याच्या घराखाली डबी होती. ती बघून मी तिच्याइतकीच दचकले. "अगं बाई, हे राहिलंच," असं मी म्हणालेही. पण तोवर मॅनेजर आले होते. त्यांचा पहिला शब्द होता, "सापडली." वस्तू सापडली म्हणाले की बाई सापडली, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

मागे सामानाची खोली होती. साबणाच्या पावडरीचे खोके छतापर्यंत रचलेले. तिथल्या टेबलावर दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन होतं. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि एकेक वाक्य सांगत गेले. मी लिहीत गेले. "मी आज दुकानात चोरी केली." जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईने तिच्या वळणदार अक्षरात हे वाक्य लिहिलं आणि खाली सही केली. दहापट दंड म्हणून ४,२०० रुपये फोनवरून भरले. त्यांनी कागद माझ्या छातीशी धरायला लावून फोटो काढला. "नाही तर आत्ता पोलीस येऊन उचलून नेतील," हे ते तीनदा म्हणाले. घरी आजारी माणूस होतं, रिपोर्टचा आकडा डोक्यात होता. त्या खोलीतून बाहेर पडायला मी कशावरही सही केली असती.

चार दिवस कुणाला काही बोलले नाही. ह्यांनाही नाही. जेवण जाईना. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, हे वर्गात म्हण म्हणून शिकवताना मी हसून सांगायचे. त्या चार दिवसांत मला त्या म्हणीतला माणूस कळला.

पाचव्या दिवशी भाच्याला फोन केला. तो आपल्या सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मावशी, डबी पर्समध्ये गेली तेव्हा तुझ्या मनात काय होतं?" मी म्हटलं, "क्रिएटिनिन." तो म्हणाला, "मग ही चोरी नाही."

त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. चोरीची व्याख्या १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३७८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आता ती कलम ३०३ मध्ये आहे. नंबर बदलला, गाभा तोच राहिला. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घ्यायच्या हेतूने हलवली, तर चोरी. हेतू नाही तर चोरी नाही. हेतू होता की नव्हता हे माणसाच्या वागण्यावरून ठरतं. बाकी सगळ्या सामानाचे पैसे दिलेत का, पर्स स्वतः उघडलीत का, कॅमेऱ्यात फोन कानाला लावलेला दिसतो का, हे सगळं त्यात मोजलं जातं.

दुसरी गोष्ट ऐकून तर मला रडू फुटलं. कलम ३०३ खालची ५,००० रुपयांच्या आतली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आहे आणि जामीनपात्र आहे. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत. खरोखर चोरी सिद्ध झाली, ती पहिलीच असली आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा आहे ती समाजसेवेची. म्हणजे "उचलून नेतील" या ज्या एका वाक्याला भिऊन मी सही केली, त्यात काही दम नव्हता.

आणि दुकानाचं काय? दारात थांबवून बिल मागायला काहीच हरकत नाही, तो त्यांचा हक्क आहे. पण सामान्य माणसाला दुसऱ्याला पकडून ठेवता येतं ते त्याच्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला तरच, किंवा तो फरारी घोषित गुन्हेगार असला तर. तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मर्जीविरुद्ध खोलीत बसवून ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम १२७ खाली दुकानाचाच गुन्हा होऊ शकतो. झडतीचा अधिकार दुकानाला नाही. दंड करायचा अधिकारही नाही, तो न्यायालयाचा. भीती घालून पैसे घेतले तर त्याला कायद्यात खंडणी म्हणतात.

तेव्हा असं कधी झालंच तर पळू नका, हुज्जत घालू नका. "राहून गेलं, बिल करा," एवढं सगळ्यांसमोर स्पष्ट म्हणा. आतल्या खोलीत जाऊ नका, काउंटरपाशीच उभे राहा. कशावरही सही करू नका. फारच ताणलं तर तुम्हीच ११२ लावा आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायला सांगा. मी यातलं एकही केलं नाही, कारण मला एकही माहीत नव्हतं.

विसरण्याबद्दलही थोडं बोलू द्या. "एवढी महाग वस्तू कशी विसरते?" असं त्या मॅनेजरांनी विचारलं होतं आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. एटीएमचं उदाहरण घ्या. पैसे हातात आले की माणसाला वाटतं काम झालं, आणि कार्ड आत विसरतं. म्हणून आधी कार्ड काढून घ्यायला लावून मगच पैसे देणारी यंत्रं केली गेली. मुख्य काम पार पडलं की मागे उरलेली बारकी पायरी मनातून गळते, हे यंत्र बनवणाऱ्यांनीही गृहीत धरलंय. मी १,१४० रुपये दिले, बिल हातात आलं, माझ्या मनाने खरेदी संपली. त्याआधी हाताने काय केलं ते फोनवरच्या आकड्याने पुसून टाकलं होतं. यात म्हातारपणाचा प्रश्न नाही. लहान पोर कडेवर असलेली आई असंच करते, घरात आजारपण असलेला तिशीतला मुलगाही करतो.

मी पंचवटीत वाढले. कारंज्याजवळ आमचा वाणी होता. माल सगळा त्याच्या पाठीमागे. आपण नाव घ्यायचं, त्याने तोलायचं, पुडी बांधायची, दोरा दातांनी तोडायचा आणि वहीत मांडायचं. गिऱ्हाइकाचा हात मालाला लागतच नसे, तर चुकून पर्समध्ये जाणार काय? आई एकदा पैसे द्यायचे विसरून आली, तर दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वहिनी, कालचे राहिले हं." संपला विषय. आपण स्वतः उचलायचं आणि शेवटी पैसे द्यायचे ही पद्धत अमेरिकेतली. मेम्फिस शहरात १९१६ साली पिगली विगली नावाचं दुकान निघालं, तिथून ती पसरली. पद्धत सोयीची आहे, मीही वापरते. पण ज्या दुकानाने माल आपल्या हातात दिला, त्याने हाताच्या चुकीसाठीही जागा ठेवायला हवी. वाण्याच्या तोंडचं ते "राहिले हं" तेवढं सोबत आलं नाही, याची मला खरोखर खंत आहे.

भाच्याला घेऊन मी परत गेले. अर्ध्या तासात ४,२०० रुपये मिळाले आणि तो कागदही. फोटो पुसला असं सांगितलं. कुणाकुणाच्या फोनवर गेला असेल ते मला कधी कळणार नाही.

निघताना दारावरची ती मुलगी मागे आली. विशीतली असेल. म्हणाली, "आई, माल कमी भरला की आमच्या पगारातून कापतात. म्हणून भोंगा वाजला की पोटात गोळा येतो." तिला रागावायचं मी मनाशी ठरवून गेले होते. ते जमलं नाही. भाच्याने तिला सांगितलं की कामगाराची चूक असल्याशिवाय आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय अशी कपात करता येत नाही. तिने मान हलवली. पण ती कुणाकडे जाणार? दुकानांच्या मालकांनो, तुमच्यापैकी कुणी ऐकत असाल तर हे मी हात जोडून सांगते. या मुलींच्या पोटातला गोळा काढा. त्यांना पहिलं वाक्य "पर्स दाखवा" असं शिकवू नका. "बाई, पैसे राहिलेत का?" असं शिकवा. चोर असेल तर याही प्रश्नाने सापडेल. विसरलेला माणूस मात्र मान वर ठेवून घरी जाईल.

आता एक शेवटचं. त्या दिवशी रांगेत माझी एक जुनी विद्यार्थिनी उभी होती. मला आत नेताना आमची नजरानजर झाली आणि तिने मान वळवली. त्या खोलीतलं बाकी सगळं मी हळूहळू मागे टाकलं, ती वळलेली मान टाकता येत नव्हती. दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. कुठून तरी नंबर मिळवला होता. बराच वेळ नुसती गप्प होती. मग म्हणाली, "बाई, मी बघितलं होतं. तुम्ही फोनवर बोलत होता, चष्मा आत ठेवला, ते सगळं बघितलं होतं. मी पुढे यायला हवं होतं. मला भीती वाटली."

मी तिला ह्यांच्या तब्येतीचं सांगितलं. औषधं सुरू आहेत, आकडा थोडा उतरलाय. मग तिने विचारलं, "बाई, कोजागिरीला केशर घेतलंत का शेवटी?"

नव्हतं घेतलं. त्या रात्री मी दूध वेलची घालूनच आटवलं होतं.

नमस्कार.