सहा वर्षांची उसंत

पडद्यावर दिसणारी ही नोट 1923 सालच्या जर्मनीतली आहे. तिची मागची बाजू कोरी आहे, कारण किमती इतक्या झपाट्याने चढत होत्या की दोन्ही बाजू छापण्याइतकीही सवड छापखान्यांना मिळत नव्हती. मजुरांना पगार रोजच्या रोज मिळे आणि तो हातात पडताच घरची माणसे दुकानाकडे धावत, कारण सकाळच्या भावाने संध्याकाळी पाव मिळेल याची कुणालाच खात्री नव्हती. पहिल्या महायुद्धापूर्वी एका अमेरिकी डॉलरला 4.20 मार्क पडत. 20 नोव्हेंबर 1923 रोजी त्याच डॉलरसाठी 4 लाख 20 हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. शिक्षकांनी, कारकुनांनी, विधवांनी जन्मभर पोटाला चिमटा घेऊन साठवलेली पुंजी अशी मातीमोल झाली.

जर्मन प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. जानेवारी 1919 च्या निवडणुकीत जर्मन स्त्रियांनी प्रथमच देशव्यापी मतदान केले होते आणि वायमार शहरात भरलेल्या संविधान सभेने देशाला उदार राज्यघटना दिली होती. परंतु युद्धातल्या पराभवाची आणि युद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या व्हर्सायच्या तहाची नामुष्की या नव्या राज्यव्यवस्थेच्या माथी मारली गेली. जून 1922 मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ यांना बर्लिनच्या रस्त्यावर, उघड्या मोटारीत, गोळ्या घालून ठार करण्यात आले. पुढच्या जानेवारीत युद्धभरपाई थकल्याचे कारण देऊन फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रूरच्या कोळसाखाणींच्या प्रदेशात शिरल्या. तिथल्या कामगारांनी असहकार पुकारला. त्यांचे पगार भागवण्यासाठी सरकार नोटा छापत राहिले आणि आधीच खालावलेले चलन पुरते कोसळले.

या पडत्या काळात, 13 ऑगस्ट 1923 रोजी, गुस्टाव स्ट्रेसमन चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाले. बर्लिनमधल्या एका बिअर विक्रेत्याचा हा मुलगा. महायुद्धात त्यांनी जर्मनीच्या विस्ताराचा हिरिरीने पुरस्कार केला होता आणि सम्राटाच्या राजवटीविषयीची त्यांची ओढ लपलेली नव्हती. प्रजासत्ताकाकडे ते भक्तीने नव्हे, विचाराने आले. देश एकसंध ठेवायचा तर दुसरा मार्ग नाही, हे त्यांना पटले होते. अशा माणसाने लोकशाहीची बाजू धरली याचे मोल मला फार मोठे वाटते, कारण लोकशाहीवर जन्मजात प्रेम असणारे त्या देशात तेव्हा पुरेसे नव्हतेच.

26 सप्टेंबरला त्यांनी रूरमधला असहकार मागे घेतला. उजव्यांनी त्यांना देशद्रोही ठरवले, परंतु त्याशिवाय चलन सावरणे अशक्य होते. नोव्हेंबरच्या मध्यावर रेंटेनमार्क हे नवे चलन आले. जमिनी आणि उद्योग यांच्यावरील गहाणाचा त्याला कागदोपत्री आधार होता. खरा आधार होता तो नोटा ठरावीक मर्यादेपलीकडे छापायच्या नाहीत या निश्चयाचा. एका रेंटेनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क असा भाव ठरला, बारा शून्ये पुसली गेली आणि डॉलर पुन्हा 4.20 वर येऊन स्थिरावला. म्युनिकमधला हिटलरचा उठाव त्याच महिन्यात फसला. स्ट्रेसमन यांचे सरकार मात्र 23 नोव्हेंबरला पडले. त्यानंतर चान्सलर बदलत गेले, पण परराष्ट्र खाते अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

1924 च्या डॉज योजनेने युद्धभरपाईचे हप्ते सोसवतील असे बांधून दिले आणि जर्मनीला 80 कोटी सुवर्णमार्कांचे परदेशी कर्ज मिळाले. राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, या योजनेतील रेल्वेविषयक कायद्याला दोनतृतीयांश बहुमत हवे होते. योजनेला दुसरे व्हर्साय म्हणून झोडपणाऱ्या जर्मन राष्ट्रवादी पक्षाच्या सुमारे निम्म्या सभासदांनी ऐन वेळी बाजूने मत दिले, म्हणून ती तरली.

ऑक्टोबर 1925 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो या गावी परिषद भरली. एक पेच सुटत नव्हता: राष्ट्रसंघात, म्हणजे महायुद्धानंतर स्थापन झालेल्या देशांच्या संघटनेत, आल्यावर संघाने पुकारलेल्या कारवाईत निःशस्त्र जर्मनीने कितपत सहभागी व्हायचे? 10 ऑक्टोबरला स्ट्रेसमन, फ्रान्सचे आरिस्तीद ब्रियाँ आणि ब्रिटनचे ऑस्टिन चेंबरलेन आपापल्या सहकाऱ्यांसह माजोरे सरोवरावर एका छोट्या आगबोटीतून फेरफटक्याला निघाले. सात वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांचे देश एकमेकांची तरुण पिढी खंदकांत मारत होते, ते मंत्री एका केबिनमध्ये दाटीवाटीने बसून शब्दांची जुळवाजुळव करत होते. आपली लष्करी स्थिती आणि भौगोलिक स्थान यांना झेपेल तेवढेच साहाय्य प्रत्येक देशाने करावे, अशा अर्थाचा तोडगा त्या दिवशी दृष्टिपथात आला. जर्मनीने फ्रान्स आणि बेल्जियमलगतची सीमा स्वेच्छेने मान्य केली. राष्ट्रवादी पक्ष या कारणावरून मंत्रिमंडळातून बाहेर पडला, तेव्हा विरोधी बाकांवरच्या समाजवाद्यांनी मते देऊन करार मंजूर करून घेतला.

पूर्वेकडे मात्र असा शब्द दिला गेला नाही. पोलंडलगतची सीमा जर्मनीने कधीच अंतिम मानली नाही, स्ट्रेसमन यांनीही नाही. शिवाय, व्हर्सायच्या तहाने मनाई केलेले विमानदळाचे प्रशिक्षण जर्मन सैन्य सोव्हिएत रशियातल्या लिपेत्स्क येथे गुपचूप देत होते. तरीही 10 सप्टेंबर 1926 रोजी जिनिव्हात जर्मन प्रतिनिधी राष्ट्रसंघाच्या सभागृहात आले आणि ब्रियाँ यांनी बंदुका, मशीनगन, तोफा दूर करा असे आवाहन केले, तो क्षण मी खोटा मानत नाही. त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक स्ट्रेसमन आणि ब्रियाँ या दोघांना मिळून देण्यात आले.

घरात पाया तितका पक्का नव्हता. राष्ट्राध्यक्ष फ्रीड्रिश एबर्ट फेब्रुवारी 1925 मध्ये वारले. त्यांच्या जागी सम्राटाच्या सैन्याचे सेनापती हिंडेनबुर्ग निवडून आले, ते सुमारे नऊ लाख मतांच्या आघाडीने. कम्युनिस्ट उमेदवार थेलमान यांनी रिंगणात राहून 19 लाख मते घेतली होती. नगरपालिका परदेशी कर्जावर घरे आणि पोहण्याचे तलाव बांधत होत्या. 1927 मध्ये बेकारी विमाही आला. अल्प मुदतीची ही कर्जे परत मागितली गेली तर अर्थव्यवस्थेचा मोठा भाग कोसळेल, असा इशारा स्ट्रेसमन यांनी स्वतः 1928 च्या अखेरीस दिला होता. त्याच वर्षी मे महिन्यातल्या निवडणुकीत नाझी पक्षाला 2.6 टक्के मते आणि 12 जागा मिळाल्या होत्या.

ऑगस्ट 1929 मध्ये द हेग येथे, आजाराने थकलेल्या अवस्थेत, ऱ्हाईनलँडमधून, म्हणजे ऱ्हाईन नदीकाठच्या जर्मन प्रदेशातून, परकी फौजा मुदतीच्या पाच वर्षे आधी हलवण्याचे आश्वासन स्ट्रेसमन यांनी मिळवले. 3 ऑक्टोबरला, वयाच्या 51 व्या वर्षी, ते गेले. तीन आठवड्यांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकी कर्जे आटू लागली.

मार्च 1930 मध्ये चान्सलर हेर्मान म्युलर यांचे सरकार ज्या वादावर पडले तो बेकारी विम्याच्या वर्गणीचा होता: साडेतीन टक्के ठेवायची की चार करायची. अर्ध्या टक्क्यावर तडजोड जमली नाही आणि बहुमताच्या पाठिंब्याचे ते प्रजासत्ताकातले अखेरचे सरकार ठरले. पुढचे चान्सलर ब्र्युनिंग राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकुमांवर कारभार करू लागले.

30 जून 1930 रोजी शेवटचे फ्रेंच सैनिक ऱ्हाईनलँडमधून निघून गेले. स्ट्रेसमन यांनी मिळवून दिलेला हा शब्द ठरल्या दिवशी पाळला गेला. अडीच महिन्यांनी, 14 सप्टेंबरला, जर्मनीने पुन्हा मतदान केले आणि नाझी पक्षाच्या जागा 12 वरून 107 झाल्या.