लोहगावचे अडीच किलोमीटर

"आपटलं की हो!" पावसाळ्यात पुण्यात उतरणाऱ्या विमानात हे हमखास ऐकू येतं. पायलटनं मात्र पुष्कळदा ते ठरवूनच केलेलं असतं.

जुलैतली संध्याकाळ. पश्चिमेचा वारा समोरून घेत विमान वाघोलीच्या बाजूनं खाली येतंय. पुढ्यात लोहगावची धावपट्टी, सुमारे २५३५ मीटर. मुंबईची मोठी पट्टी हिच्यापेक्षा जवळपास किलोमीटरभर लांब आहे. हा मुळात हवाई दलाचा तळ. इथलं सुखोई उतरतं तेव्हा मागे पॅराशूट उघडतं आणि विमानाला मागे खेचतं. आपल्या विमानाला तसलं काही नाही.

त्याच्याकडे आहे तो हिशोब. उतरायला लागणारं अंतर पट्टीच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे, हा निघण्याआधीच पाळायचा नियम. लोहगावला ते होतात १५२० मीटर. पट्टी ओली असेल तर जेमतेम १३२०. बाकीची पट्टी राखून ठेवायची, कारण माणूस चुकतो.

आणि चुका दिसायला किती किरकोळ! पट्टीच्या काठावरून विमान ५० फुटांवरून जायला हवं. ते ६० वरून गेलं तर चाकं ५८ मीटर पुढे टेकणार. वेग सेकंदाला ७० मीटर. अलगद टेकवण्याच्या हौसेपायी चार सेकंद तरंगत राहिलात, की २८० मीटर गेले. वारा पाठीमागून १० नॉटचा, म्हणजे ताशी साधारण १८ किलोमीटरचा असला तर अंतर पाचव्या हिश्शानं वाढतं. त्यात लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच. एप्रिलच्या चाळीस अंशांत हवा इतकी विरळ होते, की वेगाच्या काट्यावर तोच आकडा दिसत असताना विमान जमिनीवरून ८ टक्के जास्त वेगानं धावत असतं. ब्रेकना जिरवायची ऊर्जा मात्र वाढते १६-१७ टक्क्यांनी.

आता चाकाजवळ या. डांबरावर पाणी साचलंय. टायर हळूच टेकला तर तो त्या पाण्यावरच घसरत राहतो, फिरत नाही, मग ब्रेक कसले लागणार? म्हणून दणका. टायर पाणी फोडून डांबराला भिडतो. त्याच क्षणी पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात, पंखांची उचल संपते आणि सगळं वजन चाकांवर येतं. इंजिनं उलटा जोर लावतात. गडगडाट होतो तो त्यांचा. पण खरं काम करतात ते ब्रेकच.

मंगळूरला २२ मे २०१० रोजी २४५० मीटरच्या पट्टीवर विमान टेकलं, तेव्हा जवळपास १६०० मीटर मागे पडले होते. पट्टीपुढे दरी. १५८ जीव गेले.

म्हणून पहिल्या तिसऱ्या हिश्शात, लोहगावला साधारण ८५० मीटरच्या आत, चाकं टेकणार नसतील तर पुन्हा वर जायचं. तेही इंजिनांचा उलटा जोर लावण्याआधी. एकदा तो लावला की थांबायचंच.

हे बघा, गेलं वर. टेकता टेकता नाक उचललं, इंजिनं गरजली, चाकं पोटात गेली. आत कुणीतरी देवाचं नाव घेतलं असेल. बाहेर विमानतळाच्या दारात छत्री धरून उभ्या असलेल्या काकांनी फोन कानाला लावला, "अगं, पंधरा मिनिटं उशीर होईल म्हणतात. भात आत्ताच लावू नकोस."