भरवशाचं भांडवल

संस्था कशी सुरू झाली असं विचारलं की आपण साल सांगतो, संस्थापकाचं नाव सांगतो आणि तसबिरीला हार घालून मोकळे होतो. अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या, पुण्याजवळच्या हिंगण्याच्या आश्रमाबद्दल मला वेगळंच विचारायचंय. १८९९ साली एखाद्या बापानं आपली विधवा लेक परक्या माणसाच्या हवाली का करावी?

हा प्रश्न तेव्हा फार नाजूक झाला होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांना शिकवणारं शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आणलं. पण १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत असा गवगवा झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. गरज होती तिथेच राहिली, भरवसा मात्र उडाला.

त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. त्याच वर्षी तिचं लग्न फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांशी झालं. अण्णा विधुर होते. पुन्हा लग्न करायचं तर कुमारिका सहज मिळाली असती, पण त्यांनी मित्राच्या विधवा बहिणीशी लग्न केलं. त्यांच्या मुरूड गावानं वाळीत टाकलं. त्यांनी पुनर्विवाहासाठी एक मंडळीही, म्हणजे संस्थाही, काढली. पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं, की वर्षाकाठी दोन-चार लग्नं लागून भागायचं नाही. जिचं लग्न व्हायचं नाही, तिला आधी आपल्या पायांवर उभं राहता आलं पाहिजे. मग १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. अण्णांनी स्वतःचे हजार रुपये घातले. १८९९ मध्ये पुण्यात आश्रम सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी प्लेगमुळे शहराबाहेर गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जागा दिली, झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. कॉलेज सांभाळून अण्णा तिथे पायी जात. पावसाळ्यात त्या वाटेवर किती चिखल असेल, ते कर्वे रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांना सांगून कळायचं नाही.

आता जरा अवघड गोष्ट. स्वतः पुनर्विवाह केलेल्या अण्णांनी आश्रमाच्या कामापासून पुनर्विवाहाचा प्रचार बाजूला ठेवला. इथे मुलगी पाठवली तर तिचं परस्पर लग्न लावून देतील, अशी धास्ती पालकांना वाटू नये म्हणून. मला हे आधी पटत नव्हतं, भित्रेपणा वाटायचा. आज वाटतं, समोरच्या बापाची भीती त्यांनी खरी मानली. पण किंमत घरातल्याच माणसानं मोजली. पुनर्विवाहित गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, आश्रमात राहिल्या असत्या तर बोभाटा झाला असता. नवऱ्याच्या आश्रमात बायकोला जागा नव्हती!

बाया कर्व्यांची बहीण पार्वतीबाई आठवले मात्र आश्रमाच्या झाल्या. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी मुलगा. अक्षरओळखही पंचविशी उलटल्यावर झाली. अशी बाई गावोगाव फिरून सभांमधून बोलू लागली, आश्रमासाठी वर्गणी मागू लागली. बरीच वर्षं त्या केशवपन केलेल्या, रूढीच्या वेशातच होत्या. मला वाटतं, ऐकणाऱ्या आयाबायांना कुठल्याही सुधारकाच्या भाषणापेक्षा ते रूप जास्त पटलं असेल, कारण ही आपल्यातलीच होती. केस त्यांनी पुढे वाढवले. १९१८ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी करून राहिल्या.

तोवर संस्था मोठी झाली होती. १९०७ मध्ये कुमारिकांसाठी महिला विद्यालय निघालं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका अण्णांच्या हाती पडली आणि १९१६ मध्ये आपल्याकडेही तसं विद्यापीठ उभं राहिलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाखांची देणगी देऊ केली. त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला मिळालं.

पार्वतीबाई अमेरिकेहून परतल्या त्या त्याच सुमारास. आल्यावर पुन्हा वर्गणी मागायला बाहेर पडल्या.