निकालानंतर उरलेला प्रश्न

नमस्कार श्रोतेहो.

शनिवारवाडा बघायला आलेला पाहुणा नारायणरावांची गोष्ट हमखास विचारतो. ३० ऑगस्ट १७७३, गारदी, ‘काका मला वाचवा’. तिथं खून आहे, मारेकरी आहेत, रामशास्त्र्यांचा बाणेदारपणाही आहे. त्याच वाड्यात त्यांचा मुलगा सवाई माधवराव वरच्या मजल्यावरून खाली पडला आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये गेला, अवघ्या एकविसाव्या वर्षी. त्याच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही. नाना फडणवीसांच्या जाचाला कंटाळून उडी टाकली, असं एक म्हणणं. तापात भ्रम होऊन तोल गेला, हे दुसरं. दोन्ही म्हणणी अजून जिवंत आहेत.

मी खऱ्या गुन्ह्यांवर लिहितो. आमच्या धंद्याला नारायणराव सोपे, सवाई माधवराव अवघड. आज ज्या खटल्याबद्दल बोलणार आहे, तो या दुसऱ्या जातीचा.

जून १९८२. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली पुण्यातली एक तरुणी एका रात्रीत गेली. तपासणीत पोटॅशियम सायनाइड निघालं. नावं मी घेत नाही. ज्यांना आठवायची त्यांना आठवली असतीलच. तिच्या मरणानं पुण्यातल्या स्त्रीसंघटना पेटून उठल्या होत्या. विष तिनं घेतलं की तिला दिलं गेलं, एवढाच वाद. पुण्याच्या सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं.

हा निकाल वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वाचावा लागतो. प्रत्यक्ष पाहणारा कुणी नसेल, तेव्हा नुसत्या परिस्थितीवरून कुणाला दोषी धरायचं तर पुरावा कसा हवा, याच्या पाच कसोट्या त्यात आहेत. ‘पंचशील’ हे त्यांचं नावही निकालातच आलंय. गाभा असा, की साखळीची कडी न् कडी जुळली पाहिजे आणि आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. ‘केलं असेल’ आणि ‘केलंच असलं पाहिजे’ यांतलं अंतर कोर्टानं मोजून दाखवलं.

मला मात्र या खटल्यातली पत्रं सोडवत नाहीत. मरणाआधी तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. इंग्लंडच्या कायद्यात मृत्युपूर्व जबाब म्हणून ग्राह्य ठरायचं, तर बोलणाऱ्याला मरण समोर दिसत असावं लागायचं. आपल्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये ती अट नव्हती, म्हणून ही पत्रं कोर्टात तपासली गेली. सरकारी पक्षाला त्यांत नवऱ्यामुळं धास्तावलेली मुलगी दिसली. सर्वोच्च न्यायालयाला एक हळवी, खचलेली मुलगी दिसली, आणि म्हणून आत्महत्येची शक्यता पुसता येईना. शाई तीच, अक्षर तेच.

लेखकाचा पाय घसरतो तो इथं. निर्दोष सुटका एकाच प्रश्नाचं उत्तर देते: या माणसावरचा आरोप सिद्ध झाला का? ती कशी गेली, हे शेवटपर्यंत शोधून काढायला कोर्ट बांधलेलं नसतं. ती रिकामी जागा भरायला आम्ही टपलेलेच असतो. मग त्या रात्रीची खोली रंगते, पाण्याचा पेला येतो, कुणाची तरी थंड नजर येते. (ही थंड नजर आमच्या क्षेत्रात फारच स्वस्त झाली आहे.) कायदाही दोन्हीकडून हात धरतो. सुटलेल्याला खुनी म्हणालात तर अब्रुनुकसानी. आणि गेलेलीला वेडसर ठरवून तिच्या माणसांचं मन दुखवायच्या हेतूनं लिहिलंत, तर तीही अब्रुनुकसानीच.

तरी तुमचं मत काय, असं लोक विचारतातच. त्या रात्रीबद्दल मला मत नाही. पण एक गोष्ट अशी आहे, जिच्यावर दोन्ही बाजू येऊन टेकतात: ती सुखी नव्हती. खून म्हणणाऱ्यांना हे हवं होतं, आत्महत्या म्हणणाऱ्यांनाही हवं होतं. पण विवाहितेचा छळ हा स्वतंत्र गुन्हा तेव्हा कायद्यात नव्हताच. ४९८-अ आलं १९८३ मध्ये. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईनं आत्महत्या केली आणि छळ दिसला, तर तिला प्रवृत्त केलं असं कोर्टाला मानता येईल, ही तरतूदही त्याच वर्षीची. हुंडाबळीचं ३०४-ब तर १९८६ चं. १९८२ च्या जूनमध्ये तिच्या मरणासाठी कायद्याकडं जवळपास दोनच चौकटी होत्या: फाशीपर्यंत नेणारा खून, नाही तर काहीच नाही.

प्रकाशक म्हणतात, शेवटचं प्रकरण त्या रात्रीवर लिहा, वाचक त्यासाठीच पुस्तक घेतो. मी ते १९८३ च्या कायदादुरुस्तीवर लिहितोय. कोण वाचणार, असं त्यांनी कपाळाला हात लावून विचारलं. बघू.