चुकाऱ्याच्या दिवसांतली वर्गणी
(वरूड तालुक्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेरच्या फलकावर आजचा विषय ‘ब्लॉगमधून घरबसल्या कमाई’ असा लिहिलाय. कमाई होते, नाही म्हणत नाही. ‘घरबसल्या’ तेवढं खोडा. मी संत्र्यावर लिहितो, आणि जो बगीच्यात पाय ठेवत नाही त्याचं संत्र्यावरचं लिखाण वरूड-मोर्शीत कोणी फुकटातही वाचत नाही.

तुमच्यातले बरेच जण लिहितात. कोणी पऱ्हाटीवर, कोणी स्पर्धा परीक्षांवर, समोर बसलेल्या ताई वऱ्हाडी स्वयंपाकावर. वाचक आहेत, शाबासकी आहे, पण जाहिरातींतून येणारे पैसे मोबाइलच्या रिचार्जलाही पुरत नाहीत. मग मनात येतं, साइटला कुलूप लावू, जो वर्गणी भरेल त्यालाच लेख उघडेल असं करू. लावा. मीही लावलंय. पण कुलपाच्या आत काय ठेवायचं, हे साइट बनवून देणारा पोरगा सांगत नाही.

बोर्डो मलम घ्या. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पावसाळ्याआधी बुंध्याला लावा, पावसाळा सरला की पुन्हा लावा, डिंक्याला, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायच्या रोगाला, आळा बसतो. नागपूरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था हे सांगते, अकोल्याचं कृषी विद्यापीठ सांगतं, कृषी सहायक सांगतो, औषधाचा दुकानदारही सांगतो. त्यावर मी हजार शब्द लिहून कुलपात ठेवले तर कास्तकार म्हणेल, “हे त माह्या बुढ्यालेबी मालूम होतं.” आणि त्याचं बरोबरच असेल.

लोक पैसे मोजतात ते वेगळ्याच गोष्टीला. आंबिया बहाराच्या संत्र्याची फळगळ यंदा कोणत्या शिवारात जास्त आहे, तिथल्या माणसानं काय केलं, आणि पंधरा दिवसांनी झाडावर फळ राहिलं की नाही. व्यापारी बगीचे कोणत्या भावानं मागून राहिले, इसार किती देतात, तोड कधीची कबूल करतात. ही माहिती आठवडाभरात शिळी होते, आणि ती मिळवायला कोणाला तरी गाडीत पेट्रोल टाकून फिरावं लागतं. त्या फिरण्याची वर्गणी असते. दुसरी असते उत्तराची. पैसे भरलेला माणूस रात्री साडेनऊला पिवळ्या पानाचा फोटो पाठवतो आणि वाट पाहतो. ते उत्तर द्यायची तयारी नसेल तर वर्गणी घेऊ नका, पुस्तक छापा. पुस्तकाला कोणी प्रश्न विचारत नाही.

म्हणून साइट बांधण्याआधी कागदावर लिहा की आपण वर्षभर काय देणं लागणार. माझ्याकडं पैसे भरायच्या बटणाच्या अगदी वर तीन ओळी आहेत : हंगामात आठवड्याला एक लेख, उन्हाळ्यात पंधरवड्याला एक, प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर आणि रविवारी सुट्टी. रविवारची सुट्टी लिहिल्यावर कोणी कमी झालं नाही.

काही गोष्टींना मात्र कुलूप लावायचंच नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे इथं कोणाला सांगायला नको. फवारणीची खबरदारी, गारपिटीचा इशारा, बोगस बियाण्याची बातमी, हे सगळ्यांसाठी उघडं. धंद्याच्या हिशेबानंही ते बरोबरच पडतं, कारण नवा वाचक त्याच लेखांवरून येतो. पण धंद्याचा फायदा नसता तरी मी ते उघडंच ठेवलं असतं.

आता पैशाकडं येऊ. इंटरनेटवर सल्ला वाचाल तर सगळीकडं एकच : महिन्याची वर्गणी ठेवा, ती खात्यातून आपोआप कापून घ्या. पगारदारासाठी ते ठीक आहे. आपल्याकडं पैसा महिन्यानं येतो का? सोयाबीन ऑक्टोबरात निघतं. कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, दिवाळीपासून पुढं. आंबिया ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात. जुलैत बियाणं, खत, निंदण, पोरांच्या शाळा. खात्यात किमान शिल्लकही राहत नाही. अशा खात्यातून जुलैच्या पाच तारखेला एकोणपन्नास रुपये आपोआप कापायला गेलात तर कपात फसते, कधी कधी बँक वर दंडही लावते, आणि वाचक तो राग तुमच्यावर काढतो.

शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा कपातीआधी २४ तास सूचना द्यावी लागते. नियम चांगला आहे. पण फसवणुकीच्या बातम्या ऐकून धास्तावलेल्या माणसाला “उद्या तुमच्या खात्यातून रक्कम वजा होईल” असा संदेश आला की तो आधी ते बंद करतो, मग विचार करतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे : वर्षाची एकच वर्गणी, भरायची वेळ दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, आणि आपोआप कपात नाही. मी नव्या वर्षाची आठवण दिवाळीनंतर पाठवतो. ज्याचा माल मार्चात निघतो त्याला मार्चपर्यंत सवड. पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या पोरांना महिन्याची सोय हवी असेल तर ती वेगळी ठेवा.

यंत्राची बाजू थोडक्यात. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण त्याला नाव आणि सर्व्हरची जागा विकत घ्यावी लागते. सभासदत्वाची प्लगइन्सही, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम, आहेत. पेड मेंबरशिप्स प्रोची मूळ आवृत्ती फुकट, मेंबरप्रेसला दरवर्षी पैसे. निवडताना एकच विचारा : आपल्या पेमेंट गेटवेशी, म्हणजे वाचकाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या खात्यात टाकणाऱ्या सेवेशी, ते जुळतं का? परदेशी प्लगइन्स बहुधा स्ट्राइप आणि पेपल हे परदेशी गेटवे गृहीत धरतात. स्ट्राइपनं २०२४ पासून भारतात नवी खाती निमंत्रणावर ठेवली, आणि पेपलनं देशातल्या देशातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून थांबवले. सबस्टॅक या वर्गणीवर लेख पाठवायच्या तयार साइटवर लिहिणं सोपं, पण तिथलीही वर्गणी स्ट्राइपमधूनच येते. म्हणजे आपल्याला यूपीआय घेणारा भारतीय गेटवे लागणार. तो पॅन, बँक खातं आणि साइटवर परतावा, गोपनीयता नि संपर्काची पानं मागतो. ती पानं मराठीतही लिहा, वाचणारा मराठी आहे. शुल्क दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरलं, तर पाचशे रुपयांमागं अकरा रुपये ऐंशी पैसे जातात.

खरी डोकेदुखी पुढं आहे. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका सभासदाचा फोन आला, “भाऊ, पैसे त कटले, पन काही उघडूनच नाही राह्यलं.” घडलं असं, की त्यानं यूपीआयवर पिन टाकला, पैसे गेले, आणि साइटवर परत यायच्या क्षणी रेंज गेली. सर्व्हरला पैसे मिळाल्याचं कळतं कसं, यावर इथं सगळं अवलंबून असतं. वाचकाचा फोन साइटवर परत आला तरच खातं उघडायचं अशी मांडणी असेल, तर आपल्या भागात ती रोज फसेल. वेबहूक नावाची सोय असते : पैसे जमा झाले की गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो, वाचकाच्या फोनला रेंज असो वा नसो. ती चालू होती म्हणून मी त्याला एवढंच म्हणू शकलो, “रेंजमध्ये ये आणि पान पुन्हा उघड.” साइट बनवणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी हे करून बघा : चाचणीच्या व्यवहारात पिन टाकल्याबरोबर मोबाइलचा डेटा बंद करा. तरी खातं उघडलं पाहिजे.

दुसरी गोष्ट पासवर्डची. आपल्या वाचकाकडं जीमेल असतं, कारण नवा फोन चालू करताना ते मागितलं जातं. पण ते पोरानं काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड पोराला पुण्यात माहीत असतो. एसएमएसवर ओटीपी पाठवावा म्हटलं तर डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांसाठीच्या दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणेत, नोंदणी करून संदेशाचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. लहान लेखकाला ते जिवावर येतं. सोपा उपाय असा, की माणूस एकदा आत आला की त्याला बाहेर काढायचं नाही. वर्डप्रेस मुळात दोन दिवसांत बाहेर काढतं, ‘लक्षात ठेवा’वर खूण केली तर चौदा दिवसांत. ही मुदत वाढवता येते. वर्षभराची करून घ्या.

आणि हो, लेखाचे स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरतील. फिरू द्या. चार भावांचा एक बगीचा असेल तर एका वर्गणीत चौघं वाचणारच. मी तर गटाची वर्गणी ठेवली आहे, थोडी जास्त. बचत गट आणि शेतकरी गट ती हिशेबात लिहून भरतात, आणि त्यांची वर्गणी सहसा चुकत नाही.

कराचं एका वाक्यात : सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, पण वर्गणी हे उत्पन्नच आहे, ते आयकर विवरणपत्रात दाखवा.

मघाशी कोणीतरी विचारलं, थकलो तर? तर सोडा. पण वर्षाची वर्गणी घेतलेली असते, म्हणून आधी नवी वर्गणी घेणं बंद करायचं, शेवटच्या सभासदाची मुदत संपेपर्यंत लिहायचं, आणि तेही जमणार नसेल तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करायचे. हा नियम परताव्याच्या पानावर पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. वर्गणीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवून दर महिन्याला बाराव्या हिश्शाएवढेच काढले, तर परत द्यायची वेळ आल्यावर कोणाकडं हात पसरावा लागत नाही.