चमक किती नव्हे, किती वेळ

मित्रहो, सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारं प्रथिन जोडल्यामुळे हिरवी दिसणारी पेशी पाहिली की आपण पटकन म्हणतो, इथे प्रथिन जास्त आहे, तिथे कमी. पण लेसर थोडा मंदावला, पेशी फोकसमधून जराशी सरकली, काही रेणू विझले, तरी चमक बदलते. दोन प्रथिनं एकमेकांना भेटली का, हे अशा चमकेवरून कसं ठरवणार? मला त्यापेक्षा वेळ भरवशाचा वाटतो.

प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडून मूळ अवस्थेत येतो. त्याला सरासरी जितका वेळ लागतो तो प्रतिदीप्तीचा, म्हणजे या चमकेचा, आयुःकाल. ईजीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा साधारण 2.5 नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग), लाल एमचेरीचा 1.5च्या आसपास, निळसर एमटर्क्वॉइज-2चा जवळपास 4. रेणू थोडे असोत की पुष्कळ, हा आकडा तोच राहतो.

मोजताना लेसरचे स्पंद सोडायचे, सेकंदाला 4 कोटी धरा, म्हणजे दोन स्पंदांत 25 नॅनोसेकंद. स्पंदानंतर फोटॉन किती उशिरा आला, ते नोंदवत जायचं. हळूहळू उतरता आलेख तयार होतो. इथे लेसर वाढवून काम उरकायचा मोह होतो, तो टाळा. एकाच स्पंदामागे दोन फोटॉन आले तर नेहमीची यंत्रणा पहिलाच टिपते. उशिरा आलेले गळतात आणि आयुःकाल आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून शंभर स्पंदांमागे एखाद-दुसराच फोटॉन यावा, इतकाच उजेड ठेवतात.

अडचण अशी की जिवंत पेशी थांबून राहत नाही आणि जास्त प्रकाश तिला सोसत नाही. एका पिक्सेलला 100 फोटॉन मिळाले तर सगळं अनुकूल असूनही अनिश्चितता 10 टक्के राहते; ती निम्मी करायला चौपट फोटॉन लागतात. अशा वेळी शेजारचे पिक्सेल खुशाल एकत्र करा, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र थोडं भरड होईल, पण आकडा खरा मिळेल.

आता मुख्य उपयोग: दोन प्रथिनं भेटली का ते ओळखणं. एकाला एमटर्क्वॉइज-2 हा दाता (ऊर्जा देणारा) आणि दुसऱ्याला पिवळं चमकणारं प्रथिन हा ग्राही (ऊर्जा घेणारा) जोडला, आणि दोघं 10 नॅनोमीटरच्या आत आले, तर दात्याची ऊर्जा फोटॉन न सोडताच ग्राहीकडे जाऊ शकते. दात्याचा आयुःकाल घटतो. 4 वरून 3 झाला तर ऊर्जेचं हस्तांतरण 25 टक्के. मात्र तापमान वाढलं तरीही आयुःकाल घटतो, आणि पेशीतल्या एनएडीएच या नैसर्गिक रेणूची स्वतःची मंद चमक निळसर भागात मिसळते. म्हणून नुसता दाता असलेल्या पेशी त्याच दिवशी, त्याच तापमानाला मोजायलाच हव्यात.

तरीही हा 3 दोन वाटांनी येऊ शकतो: सगळे दाते 25 टक्के ऊर्जा देत असतील, किंवा निम्मे 50 टक्के देत असतील आणि उरलेले एकटेच असतील. जीवशास्त्राच्या दृष्टीने ही अगदी वेगळी उत्तरं आहेत. त्यांतलं खरं कोणतं हे ठरवायला आलेखात दोन घटक वेगळे काढावे लागतात, आणि त्यासाठी शंभर नव्हे, हजारो फोटॉन हाताशी हवेत.